थंडरबर्डमध्ये लिंकवर क्लिक केलं की येणारी वॉर्निंग बंद कशी करायची?

तुम्ही म्हणताय की लिंकवर क्लिक केलं की थंडरबर्ड, म्हणजे तुमचा मेल वाचायचा प्रोग्रॅम, दरवेळी 'ही लिंक भलतीकडेच जातेय' म्हणून अडवतो. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत स्कॅमच्या मेलबद्दलचा टिक आहे, तिथे बघा. पण काढू नका असं मी सांगेन.

बाबा सांगलीला असतात, एसटीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, साधी पावतीसुद्धा दोनदा वाचणारा माणूस. रिटर्न भरल्यावर त्यांना रिफंडचा मेल आला, लिंकवर इन्कम टॅक्सच्या साइटचा पत्ता जसाच्या तसा आणि आत दुसराच. थंडरबर्डने ते पकडलं, दोन्ही पत्ते दाखवून कुठे जायचं ते विचारलं. बाबांनी 'तरीही जा' दाबलं, कार्ड नंबर दिला, ओटीपी दिला, ४२ हजार गेले. आणि दोन दिवस कुणाशी बोललेच नाहीत कारण दादा चिडेल, आणि तो चिडलाच, 'वॉर्निंग आली होती ना, वाचता येत नाही का?' वडिलांना असं बोलतात? ते दोन दिवस गेले नसते तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून काही पैसे तरी अडवता आले असते.

त्या रात्री मी बाबांचा इनबॉक्स उघडून बसले आणि मागच्या तीन महिन्यांतल्या मेलमधल्या लिंक एकेक करून दाबून बघितल्या. हीच खिडकी ११ मेलना आली आणि अकराच्या अकरा मेल खरे होते, म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट, विम्याची पावती असले. हे लोक लिहितात स्वतःच्या साइटचा पत्ता आणि खाली लिंक टाकतात ट्रॅकरची, कुणी क्लिक केलं ते मोजायला. थंडरबर्डला एवढंच कळतं की लिहिलंय एक आणि नेणार दुसरीकडे. अकरा वेळा 'तरीही जा' दाबून काम नीट झालं तर बाराव्या वेळी कोण वाचत बसेल? २००६ च्या जानेवारीत त्याचं १.५ व्हर्जन आलं तेव्हापासून थंडरबर्ड फिशिंग, म्हणजे असले फसवे मेल, तपासतोय, म्हणजे सुधारायला या कंपन्यांना किती वर्षं मिळाली बघा. दोष त्यांचा आहे. बाबांचा नाही, दादाला अजून पटत नसलं तरी.

तेव्हा तुम्हाला कुणाच्या मेलवर ही खिडकी येते ते बघा, त्यांना तक्रार टाका आणि साइट स्वतः टाइप करून उघडा. बँकेचं असेल तर पत्त्याचा शेवट बघा, रिझर्व्ह बँकेने बँकांना डॉट बँक डॉट इन वर यायला लावलंय.

एक राहिलं, लिंकवर पत्ता न लिहिता नुसतं 'इथे क्लिक करा' असेल तर ताडून बघायला काही नसतं, म्हणून ही खिडकी येतच नाही. तिथे क्लिक करायच्या आधी माऊस लिंकवर धरून खालच्या पट्टीत पत्ता वाचावा लागतो, बाबांना मी आता तेच शिकवलंय.