मर्जी की विवेक?

प्रश्न : मुलीच्या नियुक्तीपत्रात बोनस 'अ‍ॅट द डिस्क्रीशन ऑफ द मॅनेजमेंट' मिळेल, असं लिहिलंय. सोबतच्या मेलमध्ये पगाराबाबत 'डिस्क्रीशन' पाळा, अशी सूचना आहे. शब्दकोशात बघितलं तर अर्थ दिलाय सुज्ञपणा. एकाच शब्दाचे हे तीन अर्थ कसे?
– एक वाचक, मिरज

उत्तर : तिन्ही अर्थ खरे आहेत, आणि मूळ एकच. लॅटिनमध्ये 'सेर्नेरे' म्हणजे चाळणं, निवडून वेगळं करणं. 'डिस्क्रीशन' तिथून आला. आपला 'विवेक'ही तसाच, वेगळं करणं या अर्थाच्या 'विच्' धातूपासून झालेला. माझी आजी पडवीत बसून तांदूळ पाखडायची. फोलपटं सुपाच्या तोंडाशी येऊन उडून जायची, मग सूप हळूहळू घोळवत ती कणी आणि खडे एका कडेला आणायची. हा शब्द आला की मला तिचे हात दिसतात.

शब्दकोशातल्या अर्थाला मराठीत 'तारतम्य' हा फार नेमका शब्द आहे. लघुतर, लघुतम यांतले 'तर' आणि 'तम' जोडून तो झाला. कमीजास्त ओळखता येणं, ते तारतम्य. मेलमधली सूचनाही यातलीच : कुठे काय बोलायचं ते निवडून बोला, पगाराचा आकडा चारचौघांत काढू नका. असं जपून बोलणाऱ्याला इंग्रजीत 'डिस्क्रीट' म्हणतात. स्पेलिंगमध्ये दोन 'ई' शेजारी हवेत. त्यांच्यामध्ये 'टी' शिरला तर अर्थ होतो 'सुटा, वेगळा'.

आता बोनसचं वाक्य. माझी नोकरी जिल्हा न्यायालयात भाषांतराची होती. पहिल्याच वर्षी एका कागदात मी 'खर्चाचा प्रश्न कोर्टाच्या मर्जीवर' असं लिहिलं. ते ऐकून एका म्हाताऱ्या वादीने विचारलं, "म्हणजे सायबांच्या मनाला येईल तसं व्हय, बाई?" मला उत्तर देता आलं नाही. संध्याकाळी 1908च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 35 काढून वाचलं. खर्च कोर्टाच्या 'डिस्क्रीशन'मध्ये, हे तिथे आहेच; पण हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा हा प्रघात मोडायचा असेल तर कोर्टाने कारणं लेखी द्यावीत, असंही पुढे आहे. मर्जीला कारणं कोण मागतं? दुसऱ्या दिवशी मी तो शब्द खोडून 'विवेकाधीन' केला.

इंग्लंडात 1598 साली रूक यांच्या खटल्यात हाच मुद्दा आला होता. थेम्सच्या बांधाच्या दुरुस्तीचा सगळा भार अधिकाऱ्यांनी एकाच जमीनमालकावर टाकला. बांधामुळे बाकीच्यांच्याही जमिनी वाचत होत्या, पण त्यांना सोडून दिलं. कायद्याने अधिकाऱ्यांना 'डिस्क्रीशन' दिलेलं होतं, तरी कोर्टाने ते मानलं नाही. ज्यांचा ज्यांचा फायदा, त्या सगळ्यांवर भार पडायला हवा, असं ठरलं. इंग्रज कायदेपंडित एडवर्ड कोक यांनी नोंदवलेल्या या निवाड्यात 'डिस्क्रीशन' म्हणजे खरं-खोटं, योग्य-अयोग्य पारखण्याची जाण. आपल्या इच्छेने आणि रागलोभाने वागणं त्यात बसत नाही. म्हणून कागदपत्रांत 'स्वेच्छाधिकार' वाचला की मला खटकतं. त्यात इच्छा तेवढी उरते आणि चाळणी हरवते. 'स्वविवेकाधिकार' बोजड आहे खरा, पण मी तोच वापरते.

नियुक्तीपत्रात 'डिस्क्रीशन'च्या आधी 'सोल' हा शब्द आहे का, ते बघा. असेल तर निर्णयात दुसऱ्या कुणाचं काही चालणार नाही, असं मालकांना म्हणायचं असतं. नसला तरी मुलीने सही करण्याआधी एक ओळीचा मेल जरूर पाठवावा : बोनस ठरवताना काय काय बघितलं जातं, आणि ते कधी कळवलं जातं?