परवाना परीक्षेचे गुण गोपनीय असतात का?

प्रश्न : व्यवसायाच्या परवान्यासाठीच्या परीक्षेत मी नापास झालो. संस्था गुण सांगत नाही, फक्त ‘अनुत्तीर्ण’ कळवते. पाच महिने मदतकक्षाला ई-मेल केले. शेवटी माहिती अधिकारात अर्ज केला, तोही गोपनीयतेचं कारण देत कलम ८(१)(ई) खाली फेटाळला. माझे आणि पास झालेल्या मित्राचे गुण मिळतील का?

उत्तर : तुमचे गुण तुमच्यापासूनच गोपनीय कसे असतील? हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या निकालात संपवला. कलम ८(१)(ई) मधलं विश्वासाश्रित संबंधांचं, म्हणजे कुणी विश्वासाने सोपवलेली माहिती जपण्याचं, कारण सांगून परीक्षार्थीला त्याचीच उत्तरपत्रिका आणि तिच्यावरचे गुण नाकारता येत नाहीत. तरी तुमच्यासारखी पत्रं मला सतत येतात, आणि तेच ठरावीक कलम चिकटवलेलं उत्तर वाचून संताप येतो.

पण त्याच निकालात एक अट आहे, आणि तुमचं प्रकरण तिच्यावरच तरेल किंवा बुडेल. हा हक्क उत्तरपत्रिका जतन करण्याच्या मुदतीपुरताच आहे. संस्थेच्या नियमाप्रमाणे ती रद्दीत गेली, की माहिती अधिकारी ती नव्याने निर्माण करून देऊ शकत नाही. शुल्क न भरता मदतकक्षाला पाठवलेला ई-मेल हा माहिती अधिकाराचा अर्ज नव्हे. म्हणजे पाच महिने तुम्ही फुकट घालवलेत. निकाल लागला त्याच आठवड्यात अर्ज का केला नाही?

आता नकार हाती पडल्यापासून ३० दिवसांत प्रथम अपील करा. जतनाची मुदत किती आणि ती कधी संपते, हे त्यात विचारा. अपिलाचा निर्णय होईपर्यंत माझी उत्तरपत्रिका नष्ट करू नये, अशी ठळक विनंती करा आणि पोच घ्या. मुदत संपत आली असेल तर दुसऱ्या अपिलावर विसंबू नका. ते माहिती आयोगाकडे जातं, आणि आयोगांकडे प्रकरणं वर्षानुवर्षं पडून असतात, तोवर कागद उरणार नाही. थेट उच्च न्यायालयात रिट याचिकेचा विचार करा.

मित्राच्या गुणांबद्दल खात्री देत नाही. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकरभरतीतल्या इतर उमेदवारांचे गुण देण्याच्या बाजूने निकाल दिला. पण भरतीत एकाची निवड दुसऱ्याची जागा घेते. परवाना परीक्षेत मित्र पास झाला म्हणून तुम्ही नापास होत नाही. शिवाय नोव्हेंबर २०२५ पासून इतरांची वैयक्तिक माहिती नाकारण्याचं कलम ८(१)(जे) आणखी कडक झालं आहे. व्यापक सार्वजनिक हित दाखवता आलं तर कलम ८(२) चा आधार आहे, पण तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. ती मागणी या अपिलात घुसवू नका, नाहीतर तिच्या वादात तुमची उत्तरपत्रिकाही लांबेल.