‘प्रताधिकारमुक्त’ म्हणजे ‘मुक्त परवान्यातले’ नव्हे

प्रश्न असा: क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेच्या, कृती ठरावीक अटींवर सर्वांना वापरू देणाऱ्या, परवान्याखाली मिळालेल्या चित्राला ‘प्रताधिकारमुक्त’ (कॉपीराइट नसलेले) म्हणावे का? आणि ते कापून-जोडून नवे काही केले, तर त्याला ‘रीमिक्स’खेरीज कोणता शब्द आहे?

पहिल्याचे उत्तर ‘नाही’, आणि कारण समासातच आहे. ऋणमुक्त, रोगमुक्त, तसेच प्रताधिकारमुक्त: पंचमी तत्पुरुष. म्हणजे जिच्यावर प्रताधिकार उरलेलाच नाही अशी कृती. मुदत संपली असेल (प्रताधिकाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार सर्वसाधारणपणे निर्मात्याच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षे, कित्येक देशांत ७०) किंवा निर्मात्याने ‘सीसी झीरो’ ही क्रिएटिव्ह कॉमन्सची हक्कत्यागाची घोषणा लावून हक्क सोडून दिले असतील, तर हा शब्द चपखल. ‘मुक्त परवाना’मध्ये मात्र ‘मुक्त’ हे परवान्याचे विशेषण आहे, मुक्तछंदात छंदाचे असते तसे. प्रताधिकार निर्मात्याकडेच राहतो. किंबहुना तो राहतो म्हणूनच परवान्यातल्या अटी बंधनकारक ठरतात. मुक्तछंदालाही लय सांभाळावी लागतेच की.

‘मोफत’ हा तर तिसराच मामला. तो फक्त पैशांविषयी बोलतो. फुकट उतरवून घेता येणाऱ्या पुस्तकावर ‘सर्व हक्क राखीव’ असू शकते आणि विकतच्या पुस्तकाला मुक्त परवाना असू शकतो. काटेकोर बोलायचे तर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सहा परवान्यांपैकी ‘बाय’ (फक्त श्रेय द्या) आणि ‘बाय-एसए’ (श्रेय द्या आणि त्याच अटींवर वाटा) हे दोनच मुक्त; व्यापारी वापराला (एनसी) किंवा बदलांना (एनडी) मनाई करणाऱ्या उरलेल्या चारांना तो शब्द लावू नये.

आता रीमिक्स. हा शब्द रुळला आहे, राहू द्यावा. पण परवान्याच्या चर्चेत ‘रूपांतर’ आणि ‘संकलन’ हा भेद त्याने झाकला जातो. दहा जणांची चित्रे न बदलता एका पुस्तकात शेजारी-शेजारी छापली, तर ते संकलन. प्रत्येक चित्राचा परवाना ज्याचा त्याच्यापाशी. एका चित्रातले आकाश दुसऱ्यातल्या डोंगरामागे चिकटवले, की ते रूपांतर. व्याकरणातल्या ‘साधित शब्दा’च्या धर्तीवर ‘साधित कृती’ही म्हणता येईल, आणि साध्या बोलण्यात ‘अमक्यावर बेतलेले’ हा आपला जुना प्रयोग उत्तम आहे. हमखास फसगत होते ती संगीतात: सूर जराही न बदलता गाणे चित्रफितीला लयीत जुळवून लावले, तरी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या व्याख्येने ते रूपांतरच. म्हणून एनडी परवान्यातले गाणे पार्श्वसंगीत म्हणून वापरून ती फीत जगाला वाटता येत नाही.

‘एसए’चे म्हणजे शेअर-अलाइकचे भाषांतर ‘समान वाटप’ करू नये. ऐकणाऱ्याला वाटते भावाभावांत वाटणी चालली आहे! ‘त्याच अटींवर वाटप’ हे लांब असले तरी खरे. तसे म्हटले की पुढची अडचणही आपोआप उमगते: ‘बाय-एसए’ आणि ‘बाय-एनसी-एसए’ या परवान्यांतल्या दोन कृतींचे मिळून एक रूपांतर करता येत नाही, कारण दोन्ही आपापल्याच अटी मागतात. संकलनात मात्र त्या सुखाने शेजारी नांदतात.

विदा (डेटा) वेगळा हाताळावा लागतो. निव्वळ तथ्यांवर प्रताधिकार नसतो. निवड आणि मांडणी यांवर असू शकतो. युरोपीय संघात १९९६च्या निर्देशानुसार विदासंचावर १५ वर्षांचा स्वतंत्र हक्कही आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सने तो २०१३च्या ४.० आवृत्तीत परवान्याच्या कक्षेत घेतला. लोकसहभागातून जगाचा नकाशा बनवणाऱ्या ओपनस्ट्रीटमॅप प्रकल्पाने त्याआधीच, २०१२ मध्ये, विदासंचासाठीच घडवलेला ओडीबीएल परवाना स्वीकारला होता. त्यात नकाशाचे चित्र श्रेय देऊन हव्या त्या परवान्याने देता येते. पण मूळ विदासंचात भर घालून बेतलेला नवा विदासंच जाहीर वापरला, तर तो ओडीबीएलखालीच खुला करावा लागतो.

राहता राहिले ‘साभार’ आणि ‘सौजन्य : आंतरजाल’. ‘साभार’ हे आभार आहेत, परवानगी नव्हे, आणि आंतरजाल कोणाचे नाव नव्हे. श्रेयओळीत निर्माता, दुवा, परवाना आवृत्तीसह आणि केलेला बदल हे सगळे हवे, शक्य तर शीर्षकही: ‘मूळ चित्र : “नदीकाठ”, अमुक तमुक (दुवा), सीसी बाय-एसए ४.०, कडा छाटून कृष्णधवल केले.’ बदलाचा उल्लेखच सर्वांत जास्त वेळा गळतो. अट मोडली की परवाना आपोआप संपतो, ४.० आवृत्तीत चूक कळल्यापासून ३० दिवसांत ती दुरुस्त केली, तर तो आपोआप पुन्हा लागू होतो.