एआयवरच्या शोधबातमीसाठी निधी मागताना

अर्जात ‘एआयचा समाजावर परिणाम’ असं मोघम लिहू नकोस. एक यंत्रणा धर आणि तिचा फटका बसलेली माणसं दाखव. तेलंगणात ‘समग्र वेदिका’ या लाभार्थी तपासणाऱ्या सरकारी संगणकीय यंत्रणेनं एका गरीब कुटुंबाकडे नसलेली गाडी त्यांच्या नावावर दाखवली, रेशन तुटलं, त्या शोधाला पत्रकारितेला निधी देणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या, पुलित्झर सेंटरच्या, एआय अकाउंटेबिलिटी नेटवर्कचं पाठबळ होतं. हे नेटवर्क 2022 पासून आहे, तिथून सुरुवात कर.

बातमीसाठी परदेशातला सहकारी पत्रकार हवा असेल, तर तो अर्जाच्या आदल्या रात्री शोधू नकोस. पैशांची वाटणी, कुणी कधी छापायचं, सगळं आधीच लेखी हवं.

आणि बजेटमध्ये वकील धरच! माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात, पण अपिलांत महिने जातात. माझ्या पहिल्या अर्जात वकिलाचा खर्चच नव्हता; तयार बातमी चार महिने पडून राहिली.