माशांच्या टाकीतली झाडं: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: लाकडावर बांधलेल्या अनुबियासचं (पाण्यात वाढणारं एक झाड) रायझोम तीन वर्षांत वीतभर लांब झालंय. पानं मात्र पुढच्या टोकालाच, मागचा भाग जवळजवळ बोडका. तुकडे करून रोपं वाढवता येतील का?

उत्तर: येतील, आणि तो बोडका भागही वाया जाणार नाही. रायझोम म्हणजे आल्यासारखं आडवं खोड. त्याच्या प्रत्येक पेरावर डोळा असतो, पण टोकाच्या कोंबात तयार होणारं ऑक्झिन हे संप्रेरक मागच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. टोक वेगळं केलं की ते जागे होतात.

टोकाकडचा तुकडा चार-पाच पानांचा ठेवा, मधले तुकडे किमान तीन पानांचे आणि साधारण ३ सेंमी लांब. याहून लहान तुकडेही जगतात, पण महिनोन्‌महिने जागचे हलत नाहीत. पात्याला स्पिरिट लावून पुसा आणि दोन पानांच्या मधून एका दमात कापा. कात्री नको, तिने खोड चेचतं आणि चेचलेल्या जागेपासून कूज सुरू होते. चीक अंगावर खाजतो, तेव्हा हात लगेच धुवा.

कापलेला भाग नीट पाहा. पांढरट-हिरवा आणि घट्ट असेल तर उत्तम. मधे तपकिरी ठिपका दिसला तर स्वच्छ भाग लागेपर्यंत चकत्या काढत जा. बिनपानांचा तुकडा घट्ट असेल तर तो लाकडाच्या फटीत अडकवून ठेवा. एक-दोन महिन्यांत डोळे फुटतात, कधी जास्तही लागतात.

झाड लाकडावरून सोडवायचंच नसेल तर आम्हाला आवडणारा मार्ग वेगळा आहे. खोड जागेवरच दोन-तृतीयांश जाडीपर्यंत कापा आणि तसंच राहू द्या. मागे फूट येऊन तिला दोन-तीन पानं आली की उरलेला भाग तोडा. वेळ जास्त जातो, पण मागचा तुकडा तोवर उपाशी राहत नाही.

प्रश्न: तीन आठवड्यांपूर्वी असेच तुकडे खडीत लावले. आता पानं देठासकट सुटून तरंगतात, खोड मऊ पडलंय आणि वास येतो.

उत्तर: खोड खडीत पुरलं गेलं. मुळं खडीत चालतात, खोड उघड्या पाण्यातच हवं, नाहीतर सडतं. सगळं उपसून मऊ भाग कापून टाका, घट्ट उरेल तेवढाच दगडावर किंवा लाकडावर बसवा. सुती दोरा चालतो, तो कुजेपर्यंत बहुधा मुळांनी पकड घेतलेली असते. सायनोॲक्रिलेट जेल (घट्टसर सुपरग्लू) वापरणार असाल तर खोडाची खालची बाजू टिपकागदाने कोरडी करून मुगाएवढा एकच थेंब लावा. कोंबावर अजिबात नको. पाण्यात जेल पांढरं पडतं, त्याने काही बिघडत नाही. उजेड मंद ठेवा, दिवसाला सहा-सात तास पुरे. या झाडांची पानं इतकी सावकाश येतात की प्रखर उजेडात शेवाळ आधी पोचतं.

ब्युसेफॅलँड्राचे (अनुबियाससारखंच आडव्या खोडाचं झाड) तुकडे केले असतील तर एक सूचना. जागा बदलली की त्याची सगळी पानंसुद्धा गळू शकतात. खोड कडक आहे तोवर टाकून देऊ नका.

प्रश्न: जावा फर्नच्या (पाण्यात वाढणारं नेचं) पानांमागे ओळीने काळपट-तपकिरी पुटकुळ्या आल्यात. रोग आहे का? विभाजन पुढे ढकलावं का?

उत्तर: रोग नाही, ते बीजाणूंचे पुंजके आहेत. पान पारदर्शक होऊन काळं पडत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा ते देठापासून काढा. विभाजन अनुबियाससारखंच, पण जावा फर्नच्या बाबतीत घाई कशाला? त्याच्या जुन्या पानांवर आपोआप पिल्लं येतात. पिल्लाला तीन-चार पानं आणि तपकिरी मुळांचा झुपका आला की ते अलगद खुडून बांधा. सुरी हातात घ्यायची गरजच नाही.