तो कागद शोधा

“माझे धाकटे काका जन्मतः बहिरे होते. लग्न केले नाही, आयुष्यभर आमच्याकडेच राहिले आणि महाल भागातल्या एका छापखान्यात ३१ वर्षे खिळे जुळवले. पुढच्या महिन्यात त्यांचे वर्षश्राद्ध आहे. त्या वेळी चार पानांची पुस्तिका काढायची आहे, पण ‘शांत, कष्टाळू, निरुपद्रवी’ यापलीकडे काही सुचत नाही. आजोबा त्यांना हातवारे करू देत नसत. त्यामुळे ते बोलायला शिकतील, असे आजोबांना वाटे. आई म्हणते, आपण त्यांचे सगळे पाहिले. तेरवीला त्यांचे चार मित्र आले होते. त्यांचे काही आम्हाला कळेना, म्हणून चहा देऊन पाठवले. एकाने कागदावर मोबाइल क्रमांक लिहून दिला होता, तो कुठेतरी असेल. मी काय लिहू?”
— एक पुतणी, नागपूर

तुमच्या पत्रात कामाचे वाक्य एकच आहे, आणि तेच तुम्ही ‘कुठेतरी असेल’ म्हणून सोडून दिले आहे. तो कागद शोधा. देव्हाऱ्याखालचा खण, तेरवीच्या खर्चाची वही, काकांच्या कपड्यांची बांधून ठेवलेली पिशवी, सगळे उपसा. तो सापडेपर्यंत पुस्तिकेची एक ओळही लिहू नका.

आणि ‘शांत’ हा शब्द खोडा. काका तुमच्या घरात शांत होते, कारण त्या घरात त्यांची भाषा कोणालाच येत नव्हती. आईंनी त्यांना गरम जेवण वाढले, आजारपण काढले, हे खरेच. पण कामावरून परतलेल्या माणसाला ‘आज काय झाले’ एवढेही कधी विचारले गेले नसेल, तर ‘सगळे पाहिले’ असे मी म्हणू देणार नाही. जो माणूस डाव्या हातात स्टिक, म्हणजे खिळे ओळीत लावायची पट्टी, धरून, उलट्या अक्षरांचे खिळे एकेक उचलून दिवसभर मराठी मजकूर उभा करत होता, त्याच्याशी चिठ्ठी लिहून तरी बोलता आले असते! याचे मला फार वाईट वाटते.

आजोबांची समजूत त्यांच्या एकट्याची नव्हती. १८८० साली मिलान येथे भरलेल्या, बधिरांच्या शिक्षणाविषयीच्या परिषदेने शाळांतून खुणांची भाषा काढून केवळ तोंडी बोलणे शिकवावे असा ठराव केला, आणि त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त व्हायला २०१० सालची व्हँकुव्हरची परिषद उजाडावी लागली. मधल्या काळात कितीतरी मुलांचे हात असेच धरून ठेवले गेले. ती भाषा टिकली ती आपसांत बोलणाऱ्या बहिऱ्या माणसांमुळे, तुमच्या दारात येऊन चहा पिऊन परत गेलेल्या त्या चौघांसारख्या माणसांमुळे.

बहिऱ्या माणसांमध्ये प्रत्येकाला खुणेचे एक नाव असते. ते बहुधा घरचे ठेवत नाहीत, बहिरे सोबतीच ठेवतात. भुवईवरचा व्रण, गालाची खळी, चष्मा सावरण्याची लकब, असे काहीतरी पाहून ते पडते आणि जन्मभर राहते. तुमच्या काकांना त्यांचे मित्र ज्या नावाने ओळखत, ते नाव तुम्हाला ठाऊक नाही. पुस्तिकेचे पहिले पान त्या नावाचे असले पाहिजे.

त्या मित्रांना भेटायला जाताना सांकेतिक भाषेचा, म्हणजे खुणांच्या भाषेचा, दुभाषी सोबत न्या. शंकरनगरच्या मूकबधिर विद्यालयात चौकशी करा, आणि त्याचे मानधन वर्षश्राद्धाच्या खर्चात धरा. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशात २०२१ सालापर्यंत १०,००० शब्द झाले होते. त्यातून निदान ‘काका’, ‘नाव’ आणि ‘काय’ या तीन खुणा शिकून जा, आणि ‘काय’ शेवटी विचारा, कारण त्या भाषेत प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो. त्यांची परवानगी घेऊन चित्रीकरण करा. उजेड समोरून असू द्या आणि दोन्ही हातांबरोबर चेहराही चौकटीत घ्या, कारण भुवयांच्या हालचालीनेही अर्थ बदलतो. घाईने उठू नका. ज्यांना वर्षभरापूर्वी काही सांगायचे होते, ते आता बरेच सांगतील.

कागद सापडला की फोन लावू नका, संदेश पाठवा. त्यात आपले नाव लिहा, ‘मी त्यांची पुतणी’ असे लिहा, तेरवीला तुमचे ऐकून घेता आले नाही याची क्षमा मागा आणि विचारा, “येत्या रविवारी भेटायला येऊ का?”