शुश्रूषा म्हणजे नेमकं काय? पगारी माणूस ठेवणं ही शुश्रूषाच का?

नाही. माणूस ठेवणं ही सोय झाली. हे मी माझ्या सख्ख्या भावालाही तोंडावर सांगितलंय.

संस्कृतात 'श्रु' म्हणजे ऐकणं आणि शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. गुरूचं ऐकणं, त्यातून गुरूची सेवा आणि पुढे आजाऱ्याची सेवा, असा अर्थ सरकत आला. (पहिला 'शु' ऱ्हस्व, 'श्रू' दीर्घ. 'सुश्रुषा' लिहू नका.)

माझ्या आईला अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजायचं सगळं, पण तोंडून नुसतं 'आं आं' निघायचं. दादा बंगळुरूला. त्यानं ब्यूरोकडून बारा तासांची मावशी लावून दिली, हवेची गादी पाठवली. मावशी कामाला चोख. दर दोन तासांनी कूस बदलायची, वहीत वेळ लिहायची.

एका रात्री मावशी घरी गेल्यावर आईचं कण्हणं थांबेना. पाणी नको, पाठ चोळली तरी नको. शेवटी दिवा लावला, तिच्या तोंडाशी कान नेला आणि एकेका जागी हात ठेवत विचारत गेले, इथं दुखतंय? इथं? मांडीपाशी आल्यावर आवाज बदलला. लघवीची नळी मांडीखाली दुमडली होती, पिशवी कोरडी. नळी सरळ केली तशी पिशवी भरायला लागली आणि आई झोपली.

वहीत 'कूस बदलली, 8 वाजता' अशी नोंद होती. ती खोटी नव्हती.

दादा दर रविवारी फोनवर मला विचारायचा, जेवली का, औषधं झाली का, पैसे हवेत का. नातेवाइकांत सांगायचा, आईच्या शुश्रूषेत मी काही कमी पडू दिलं नाही. गादीमुळे आईच्या पाठीला जखमा झाल्या नाहीत, हे मी कधीच नाकारलं नाही. पण त्या शब्दावर त्याचा हक्क मला आजही मान्य नाही.

नोकरी करणाऱ्यांनी माणूस ठेवू नये, असं मात्र मी म्हणत नाही. मावशीशिवाय मीही निभावलं नसतं. आणि नंतर आलेल्या दुसऱ्या मावशी आईच्या आवाजावरून तहान आणि दुखणं वेगळं ओळखायच्या. पगार घेत होत्या, तरी त्यांनी केली ती शुश्रूषाच.

तुम्ही लांब राहत असाल तर औषधांची चौकशी झाल्यावर फोन आईच्या कानाशी धरायला सांगा. ती 'आं आं' करतेय तोवर ठेवू नका.